मालोजींचंच लिंबू हिरवं का?

अच्युतराव रोज सकाळी चहाचा कप घेऊन अंगणात येत. आधी शेजारच्या लिंबाकडे बघत, मग आपल्या लिंबाकडे बघत, आणि मग त्यांना चहा कडू लागे.

दोन्ही रोपं एकाच दिवशी खंडवा रोडच्या एकाच नर्सरीतून एकाच ऑटोत आली होती. एक अच्युतरावांच्या मांडीवर, एक मालोजीरावांच्या. श्रावण लागेपर्यंत मालोजींचं लिंबू बारशातल्या बाळासारखं गुटगुटीत झालं, आणि अच्युतरावांचं कापड उडून नुसत्या काड्या उरलेल्या छत्रीसारखं.

"अहो, मालोजींचं झाड बघितलं का?" शशिकलाबाईंनी पोह्यांची बशी पुढे करत विचारलं. "एकदम टंच झालंय. आपल्याला तर पत्तेच नाहीयेत."

"त्यांच्याकडे ऊन जास्त येतं."

"मधे कमरेएवढी भिंत आहे. सूर्य काय भिंत बघून थांबतो का? मी दसऱ्यापर्यंत वाट बघणार. नाही तर ते उपटून तिथे कपड्यांच्या तारेचा खांब. वेल्डिंगवाल्याला बोलून ठेवलंय."

खांबाचं अच्युतरावांना फारसं दुःख नव्हतं. दुःख 'टंच' या शब्दाचं होतं. अडतीस वर्षांच्या संसारात त्यांच्या वाट्याला तो एकदाही आला नव्हता, आणि मालोजींच्या झाडाला तो तीन महिन्यांत मिळाला. मालोजींचे पूर्वज म्हणे होळकरांच्या घोडदळात होते. मिशा अजूनही स्वारीवर निघाल्यासारख्या. अशा माणसाचं झाडसुद्धा टंच असावं, ही हद्द होती.

शत्रू कोण, हे शोधणं भाग होतं. उरल्यासुरल्या पानांवर पाखरांची शीट दिसली, पांढरट-तपकिरी, जागोजाग. अच्युतरावांनी छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत नकाशे काढले होते. त्यांनी आलेखाच्या कागदावर झाडाचा नकाशा काढला आणि आठ दिवस एकेक शीट लाल पेन्सिलीने नोंदवली. सगळ्या खुणांचा रोख एकाच जागेकडे निघाला: मालोजींची गच्ची. तिथे तो गृहस्थ रोज सकाळी पाखरांना मूठभर शेव टाकत असे.

"बघ शशी, शेव खातात तिकडे आणि बाकी सगळं इकडे. हा ट्रेनिंग दिल्याशिवाय होणारा प्रकार नाही."

त्यांनी झाडाभोवती घरातल्या एक्केचाळीस जुन्या सीड्या दोऱ्यांनी टांगल्या. त्या अशा लकाकल्या की पलासियाच्या चौकात सिग्नल हिरवा आहे की लाल, हे दोन दिवस कुणाला कळेना, असं सांगतात. पाखरं मात्र खरंच गेली. सगळी मालोजींकडे गेली.

"अच्युतजी, तुमची मेहरबानी," मालोजी भिंतीवरून म्हणाले. "आमच्याकडे तर पूरी बुलबुलांची बारात उतरली आहे. काय रौनक आहे भिया."

आठवड्याभरात मालोजींचं लिंबू आणखी गर्द झालं. अच्युतरावांच्या झाडावर पाखरू फिरकत नव्हतं, तरी शीट वाढतच होती.

शेवटी त्यांनी स्वयंपाकघरातून जिरावनची बाटली उचलली. पोह्यांवर भुरभुरतात तो मसाला पाखरांना झोंबेल, असा हिशेब होता. त्यांनी एका शिटेवर चिमूटभर टाकला. शीट हलली. तिने डोकं वर केलं, त्यातून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढली आणि असा उग्र वास सोडला की अच्युतराव तुळशीकुंडीपर्यंत मागे गेले.

"शशी," ते खोल आवाजात म्हणाले, "शिटेला शिंगं फुटली आहेत."

शशिकलाबाईंनी नवऱ्याचं कपाळ चाचपलं आणि आपल्या भाचीला, विनीताला, व्हिडिओ कॉल लावला. ती फळझाडांची डॉक्टर.

"काका, ही शीट नाहीये, अळी आहे," विनीता हसू दाबत म्हणाली. "लिंबाच्या फुलपाखराची. लहान असते तेव्हा असलं सोंग घेते, म्हणजे पाखरं खात नाहीत. मोठी झाली की हिरवी होते आणि कोवळी पालवी साफ करते. तरी बुलबुल बऱ्याच टिपतात. ते चमकतंय काय मागे?"

"सीड्या. पाखरं येऊ नयेत म्हणून."

"म्हणजे तुम्ही चौकीदारच हाकलले. काढा त्या आधी. रोज सकाळी पानं उलटून बघायची, अळ्या हाताने वेचायच्या आणि साबणाच्या पाण्यात टाकायच्या."

"चातुर्मासात माझ्या अंगणात जीव मारायचा नाही," शशिकलाबाईंनी निकाल दिला.

आता अळ्या वेचायच्या, पण मारायच्या नाहीत. मग ठेवायच्या कुठे? अच्युतरावांना फार विचार करावा लागला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच स्टीलच्या डबीत सतरा अळ्या घेऊन ते भिंतीवरून वाकले आणि मालोजींच्या लिंबावर एकेक नीट बसवली, लग्नाच्या पंगतीत पाहुणे बसवावेत तशी.

दहा दिवस हा क्रम चालला. मालोजींच्या लिंबाची पानं कुरतडलेली दिसू लागली आणि अच्युतरावांना चहात वेलदोड्याचा वास येऊ लागला. एकच गोष्ट समजत नव्हती. रोज वेचूनही त्यांच्या झाडावर दुसऱ्या दिवशी तितक्याच अळ्या हजर, त्याही आदल्या दिवसापेक्षा जाड.

अकराव्या दिवशी ते अर्धा तास लवकर उठले. अंगणात त्यांच्या लिंबापाशी कुणीतरी वाकलं होतं. मिशा ओळखीच्या होत्या. हातात श्रीखंडाचा रिकामा डबा होता.

"मालोजीराव, इतक्या सकाळी?"

मालोजी सावकाश सरळ झाले. अच्युतरावांच्या हातातली डबी त्यांनी पाहिली.

"आमच्याकडे बुलबुल यांना उचलून नेतात हो," मालोजी म्हणाले. "डोळ्यांदेखत बघवत नाही. तुमच्याकडे सीड्यांमुळे एकदम सेफ होतं. सोचलं, चार दिवस इथे राहतील बिचाऱ्या."

"सीड्या काढून दहा दिवस झाले."

"हो, पण मग आदतच पडली." त्यांनी डबीत डोकावून पाहिलं. "हा जाड्या तर माझा. मंगळवारी सोडला होता."

"बुधवारी मी परत पाठवला."

"आणि काल मी पुन्हा आणला. दोन्हीकडचं खाऊन जावयासारखा माजलाय यार." मालोजींचा आवाज उतरला. "खरं सांगू? जूनमध्ये तुमच्या झाडाला पालवी आधी फुटली होती. माझी बायको, इंदिरा, रोज ऐकवायची. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही."

अच्युतरावांनी आयुष्यात इतकं सुंदर वाक्य ऐकलं नव्हतं. त्यांनी ते मालोजींकडून आणखी एकदा म्हणवून घेतलं.

"मग आता यांना ठेवायचं कुठे?" मालोजींनी विचारलं.

दोघांची नजर फिरत फिरत समोरच्या घरावर गेली. तिथे भूषण राहत असे, कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारा, हसतमुख मुलगा. त्याच्या फाटकाशी कढीपत्त्याचं माणूसभर उंचीचं रोप होतं. सगळी कॉलनी तिथून पानं नेत असे आणि वास घेत घेत परत येत असे.

"कढीपत्ताही खातात म्हणे या," मालोजी म्हणाले.

"शशी परवाच म्हणत होती, काय घमघमाट आहे त्याच्या झाडाला."

"इंदिराही."

दोघं चपला न वाजवता रस्ता ओलांडून गेले.

दसऱ्याला दोन्ही लिंबं पोपटी पालवीने डवरली होती. अच्युतरावांच्या झाडाला तर तीन कळ्याही आल्या, आणि शशिकलाबाईंनी वेल्डिंगवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. संध्याकाळी भूषण सोनं द्यायला आला. नमस्कार झाला, बसणं झालं, पण त्याचं लक्ष बोलण्यात नव्हतं. तो सारखा लिंबाकडे बघत होता.

"काका, तुम्ही टाकता तरी काय याला? माझ्या कढीपत्त्याच्या तर नुसत्या काड्या राहिल्यात."

"काही नाही रे. पाणी."

भूषणने पुन्हा झाडाकडे पाहिलं. ती नजर अच्युतरावांनी लगेच ओळखली. दोन महिने रोज दाढी करताना आरशात तीच दिसत असे. त्यांनी भूषणच्या हातावर आणखी एक पेढा ठेवला, आणि त्याला झाड नीट दिसावं म्हणून त्याची खुर्ची जराशी उजवीकडे सरकवली.