कुणी नाही, सूनबाई आहे

एका जंगलात, मुलांनो, एक गुप्तहेर राहत होता आणि तो गुप्तहेर आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

तो बिबट्या होता. नाव रणधीर. काळा गॉगल लावायचा. दारातून कधी यायचा नाही, छपरातून यायचा. एका कामगिरीत दोन पूल पाडायचा आणि मग परत पोहत यायचा. सिंहमहाराजांना त्याचं फार कौतुक.

त्या वर्षी कुणकुण लागली, की नदीपलीकडचे लांडगे आपला पाणवठा बळकावणार. कधी आणि कुठल्या वाटेने, तेवढं कळायचं होतं. महाराजांनी रणधीरला पाठवलं. तो कड्यावरून उडी मारून थेट लांडग्यांच्या गुहेसमोर उतरला.

"आलात का गुप्तहेरसाहेब?" पहारेकरी म्हणाला. "आज उशीर केलात." आणि त्याला झाडाला उलटं टांगलं.

आता लांडग्यांचे प्रधान होते एक कोल्होबा. त्यांच्या घरी नुकतीच नवी सून आली होती, शेवंती. तिचं माहेर अलीकडच्या जंगलात, पाणवठ्याला अगदी लागून. बिळात आई आणि धाकट्या तीन बहिणी. लांडगे आले की पहिला पाय त्याच बिळावर पडणार.

प्रधानांच्या ओसरीवर गुप्त बैठक बसली. शेवंती चहा घेऊन गेली. लांडग्यांचा सेनापती बोलता बोलता थांबला.

"कुणी ऐकत नाही ना?"

सासऱ्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. तिच्या हातातला कप घेतला.

"छे! कुणी नाही. सूनबाई आहे."

मग सेनापतीने जमिनीवर नकाशा काढला. "जरा बाजूने ये गं पोरी," तो म्हणाला, "आमची सोमवारची वाट पुसशील."

कळलं खरं, पण सांगायचं कसं? एकटीने उंबऱ्याबाहेर जायचं नाही. पत्र लिहावं, तर ते आधी सासूबाई वाचणार आणि मग शुद्धलेखन सुधारून देणार.

शुक्रवारी घरी चैत्राचं हळदीकुंकू होतं. विहीणबाई म्हणून शेवंतीच्या आईलाही बोलावणं होतं. पण मायलेकींच्या मधोमध सासूबाई बसलेल्या. लांडगिणी झाडून सगळ्या आल्या होत्या.

"नाव घे गं!" सेनापतीणबाई ओरडल्या. "लाजतेस काय एवढी!"

शेवंतीने मान खाली घातली आणि हळूच नाव घेतलं :

"सोमवारी शंभर लांडगे उतरतील जांभळीच्या वाटे,
जंबूरावांचं नाव घेते, तिथे पसरून ठेवा काटे."

"अगंबाई, यमक किती छान जुळलं!"

"आवाज मात्र वाढव हो," सासूबाई म्हणाल्या.

सेनापतीणबाईंनी आणखी थोडी आंब्याची डाळ वाढून घेतली.

नाव घे म्हणणाऱ्या पन्नास होत्या. ऐकणारी एकच. आईच्या हातातला पन्ह्याचा पेला तसाच राहिला.

"निघते मी," ती म्हणाली. "चुलीवर दूध ठेवून आलेय."

सोमवारी शंभर लांडगे जांभळीच्या वाटेने उतरले आणि लंगडत परत गेले. पाणवठा वाचला. बीळ वाचलं.

महाराजांनी दरबार भरवला आणि शौर्यपदक रणधीरला दिलं. लांडग्यांच्या पळापळीत त्याची दोरी तुटून तो डोक्यावर पडला होता. राजपत्रात याला 'धाडसी सुटका' म्हटलं आहे.

पलीकडे प्रधानांच्या दिवाणखान्यात चौकशी समिती बसली.

"फितुरी तुमच्याच ओसरीवर झाली!" पायाला पट्टी बांधलेला सेनापती गरजला. "त्या दिवशी तिथे होतं कोण?"

"तुम्ही आणि मी," सासरे म्हणाले. पुन्हा एकदा आठवून पाहिलं. "बस्स. तिसरं कुणी नाही."

मग त्यांनी आत हाक मारली, "सूनबाई, चहा आण. आणि दार लावून घे, बोलणं गुप्त आहे."

शेवंतीने चहा आणला आणि दार लावून घेतलं. आतून.

तात्पर्य : मुलींनो, मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये. चहा द्यावा आणि कप रिकामे होईपर्यंत तिथेच उभं राहावं.