सात बेचाळीसची वक्तशीर गाडी

मोठ्या देशांचा इतिहास लढायांनी घडतो, लहान दऱ्यांचा ठरावांनी. लढाईत निदान कोणीतरी हरतं. ठरावात सगळेच जिंकतात, म्हणून त्याचे परिणाम जास्त काळ टिकतात.

स्वित्झर्लंडच्या डोंगरांतल्या वाल सेरोना या दरीत रेल्वे आली ती अशाच एका ठरावाने. १९०९ सालच्या त्या ठरावात कारण एकच नोंदवलं आहे : ‘पलीकडच्या दरीत आहे.’ (विरोधात एक मत पडलं. त्या गृहस्थांची सासुरवाडी पलीकडच्या दरीत होती.)

मतभेद झाले ते जागेवरून. दरीतल्या चारही गावांना स्टेशन हवं होतं आणि कोणालाच ते आपल्या कुरणात नको होतं. कुरण म्हणजे गवत, गवत म्हणजे गाय, गाय म्हणजे चीज आणि चीज म्हणजे हिवाळा निघणं. तेव्हा यात हसण्यासारखं काही नाही. इंजिनियर मंडळींनी तीन वर्षं मोजमापं घेतली आणि चारही स्टेशनं चारही गावांपासून सारख्याच गैरसोयीच्या अंतरावर बांधून सर्वांना न्याय दिला. सोमप्रा हे सगळ्यात वरचं गाव. त्याचं स्टेशन गावाखाली, कुरणातल्या नागमोडी पायवाटेने उतरताना वीस मिनिटं आणि चढताना पाऊण तास. स्टेशन गावाच्या सोयीसाठी असतं हा गैरसमज सोमप्रात कधीच नव्हता.

पहिल्या दहा वर्षांतली वाहतूक अशी : माणसं ३८ टक्के, शेळ्या ४१ टक्के, दुधाचे कॅन २१ टक्के. (एकदा बिशप आले होते. ते कोणत्या गटात धरावेत यावर एकमत न झाल्याने त्यांना वगळलं आहे.) पण रेल्वेचं मोठेपण प्रवाशांवर कधीच अवलंबून नव्हतं. ते होतं वेळेवर. सोमप्राहून सकाळी सात बेचाळीसला सुटणारी गाडी सात बेचाळीसलाच सुटे. साऱ्या इतिहासात ती एकदाच चुकली, आणि त्याबद्दल फलाटावर पितळी पाटी आहे : ‘११ फेब्रुवारी १९५१ रोजी हिमकडा कोसळल्यामुळे सात बेचाळीसची गाडी चार मिनिटं उशिरा सुटली. दिलगीर आहोत.’ खाली तेव्हाच्या स्टेशनमास्तरांचं नाव आहे : देरुंग्स.

हे देरुंग्स पुढे तीस वर्षं जगले. त्या हिमकड्याखाली त्यांच्या स्वतःच्या गोठ्याचं छप्पर गेलं होतं, पण त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. संध्याकाळी सूप पिताना मधेच चमचा खाली ठेवत आणि म्हणत, “चार मिनिटं.”

त्यांचा मुलगा फ्लुरिन. १९९६ साली, म्हणजे आपल्या कथेच्या वेळी, तोच सोमप्राचा स्टेशनमास्तर होता. स्टेशनाच्या माडीवर जन्मला, तिथेच लग्न होऊन त्याची बायको मेंज्या आली, आणि हिरवी तबकडी वर करून गाडी सोडणं याखेरीज त्याला दुसरं काही येत नव्हतं. तेवढं मात्र त्याच्यासारखं कोणालाच येत नव्हतं.

सकाळच्या गाडीला त्या वर्षी सरासरी १.४ प्रवासी होते. एक म्हणजे ओतिलिया काथोमास ही म्हातारी. ती रोज खालच्या पुंतेल गावी पाव आणायला जाई, कारण सोमप्राच्या पाववाल्याशी तिचा १९७१ पासून अबोला होता. उरलेलं दशांश चार म्हणजे तिचा कुत्रा. तो हवा बघून येई.

एप्रिलमध्ये राजधानीतून पत्र आलं. जूनच्या तिसऱ्या मंगळवारी अधिकारी येऊन सात बेचाळीसच्या गाडीचे प्रवासी मोजतील. चाळीस भरले तर रेल्वे पुढे चालू, न भरल्यास बंद.

फ्लुरिनने पत्र दोनदा वाचलं आणि तबकडी पुसायला घेतली. सोमप्रा मात्र पेटून उठलं. ‘रेल्वे बचाव समिती’ स्थापन झाली, गावप्रमुख जियाखेन कापाउल अध्यक्ष झाले, आणि स्टेशनच्या मालगोदामात सभा भरली. रेल्वेच्या बाजूने २१२ हात वर झाले, विरोधात शून्य. कापाउलांच्या डोळ्यांत पाणी आलं. “रेल्वे म्हणजे आपला कणा आहे!” ते म्हणाले. फ्लुरिनलाही भरून आलं. सभा संपल्यावर तो बाहेर आला, तर दारात आखलेल्या रेघांच्या आत मोटारी इतक्या दाटीने उभ्या होत्या की त्याला स्वतःच्या फलाटावर अंग चोरून जावं लागलं.

“मास्तर, काही काळजी करू नका,” कापाउल मोटारीच्या काचेतून म्हणाले. “मंगळवारी अख्खं गाव गाडीत असेल. साठ नावं पक्की झालीत. बँडसुद्धा!”

“तुम्ही शेवटचे कधी बसला होता गाडीत?” फ्लुरिनने सहज विचारलं.

“मी?” कापाउल हसले. “माझ्या बारशाला, म्हणे.”

मंगळवारची तयारी चोख होती. समितीने आसनं वाटली, खिडक्या वाटल्या, बँडचा ट्यूबा, म्हणजे तो अगडबंब पितळी कर्णा, कुठे ठेवायचा याचा नकाशा काढला. एकच गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही, कारण ती सगळ्यांनाच उघड वाटत होती : रेल्वे वाचवायला स्टेशनवर जायचं, तर मोटारीनेच जायचं.

स्टेशनसमोर मोटारी लावायला बारा चौकोन आखलेले होते. सात वीसला बारा मोटारी आत आल्या. सात बावीसला तेरावी आली. आता दुसरीकडे कुठे असतं तर तेरावी मोटार झाडाखाली लागली असती, चौदावी फलाटाला टेकून, आणि पंधराव्याने चौदाव्याच्या आईबापांचा उद्धार केला असता. पण सोमप्राची माणसं नाकासमोर चालणारी. पांढऱ्या रेघेबाहेर मोटार उभी करणं त्यांच्या सात पिढ्यांत कोणाला जमलं नव्हतं. मोटारींची रांग शांतपणे वळली, गावात चर्चच्या आवारात गेली, रेघांच्या आत नीट उभी राहिली, आणि बेचाळीस माणसं बँडसकट पायवाटेने खाली यायला निघाली.

फलाटावर राजधानीचे अधिकारी त्सुम्श्टाइन वही घेऊन उभे होते. डब्यात ओतिलियाखेरीज अठरा माणसं बसली होती. ओतिलिया आपल्या नेहमीच्या जागी दुसराच कोणी बसलेला पाहून वैतागली होती.

“एवढी गर्दी कशाला, मास्तर? कोणी मेलं का?”

“अजून नाही,” फ्लुरिन म्हणाला.

सात एक्केचाळीसला त्याने वर पाहिलं. कुरणाच्या शेवटच्या वळणांवर माणसांची ओळ दिसत होती, उन्हात ट्यूबा चमकत होता. सरळ गवतातून उतरले असते तर मिनिटभरात फलाटावर. पण पहिली कापणी व्हायची होती, गवत गुडघाभर उभं होतं, आणि कापणीआधी उभ्या गवतात पाय घालणारा माणूस सोमप्रात एकदाच झाला होता. (तो पुढे अमेरिकेला गेला. जावंच लागलं.) शिवाय कुरण कापाउलांचं होतं, आणि ओळीच्या पुढे कापाउलच होते. आपल्याच गवताला वळसा घालत ते धापा टाकत येत होते, एका वळणावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर.

“उतरा की सरळ!” माडीच्या खिडकीतून मेंज्या किंचाळली.

“गवत आहे!” ओळीतून उत्तर आलं.

मग ती नवऱ्याकडे वळली. “फ्लुरिन, दोन मिनिटं थांबव. फक्त दोन. अरे, जन्माचं घर जातंय आपलं!”

फ्लुरिनने त्सुम्श्टाइनांकडे पाहिलं. ते भले गृहस्थ होते. त्यांनी मुद्दाम वहीत डोकं घातलं. ओतिलियानेही खिडकीतून सांगितलं, “थांब रे, मला काही घाई नाही.” साऱ्या जगाने परवानगी दिली होती. फ्लुरिनला थांबायचं होतं, मनापासून थांबायचं होतं. त्याची नजर पितळी पाटीकडे गेली. तिच्याखाली आणखी एका पाटीला पुरेल एवढी जागा होती.

सात बेचाळीसला हिरवी तबकडी वर गेली.

गाडी हलली तेव्हा कापाउल शेवटच्या वळणावर होते. ते थांबले, मागचे एक्केचाळीस थांबले. कोणी शिवी दिली नाही. कापाउलांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, टोपी काढली, आणि म्हणाले, “सेकंदाचाही फरक नाही!” साऱ्या ओळीने टाळ्या वाजवल्या. आता आलोच आहोत तर म्हणून बँडही वाजला.

त्सुम्श्टाइनांनी वहीत लिहिलं : ‘प्रवासी एकोणीस. सेवा निर्दोष. बंद करावी.’

त्या रात्री मेंज्याने सूप वाढलं. फ्लुरिनने मधेच चमचा खाली ठेवला. “दोन मिनिटं,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याला बापाची दया न येता राग आला.

बैल गेल्यावर झोपा करतात. वाल सेरोनात त्या झोप्याला रेल्वे संग्रहालय म्हणतात. ते सोमप्राच्या स्टेशनातच आहे, आणि त्याचाही ठराव एकमताने झाला. रूळ उपटून त्या जागी ऐंशी मोटारींची सोय केली आहे. वर्षाला चौदा हजार लोक येतात. एवढी माणसं गाडीला कुठल्याच वर्षी मिळाली नव्हती. फ्लुरिन आता तिथला रखवालदार आहे. रोज सात बेचाळीसला तो तबकडी वर करतो, आणि फोटो काढून झाल्यावर पाहुणे त्याला हमखास झापतात : “तुम्ही लोकांनी ही रेल्वे बंद होऊच कशी दिलीत?” ओतिलिया तेवढी येत नाही. पुंतेलला जायची सोय नसल्याने तिने पाववाल्याशी बोलायला सुरुवात केली आहे, आणि ते तिला फार जड जातं.

दाराशी अभिप्रायाची वही असते. ‘डोळे पाणावले’, ‘असा ठेवा जपायला हवा होता’ असं सगळे लिहितात. शेजारी ‘कसे आलात?’ असा रकाना आहे, त्यात पहिल्या ओळीत ‘मोटारीने’ असं आहे, आणि खाली बाकीच्यांनी नुसत्या ‘वरीलप्रमाणे’च्या खुणा केल्या आहेत.

वाचकहो, हळहळलात ना? तुमच्या गावची सकाळची एस.टी. बंद झाली तेव्हाही तुम्ही असेच हळहळला होता, अर्जावर सहीसुद्धा केली होती. तर एकदा सोमप्राला याच. वहीत जागा पुष्कळ आहे. गाडी तेवढी आखलेल्या रेघांच्या आत लावा.