मावळतीकडं तोंड केलेली गाडी

आमच्या गल्लीतले सोपाननाना आपली मोटारसायकल लावायचे ती कायम मावळतीकडं तोंड करून. भिंत आडवी येवो, गटार येवो, नाहीतर कुणाची म्हैस येवो. म्हैस हलायची, गाडीचं तोंड हलायचं नाही. एकदा गल्लीत लग्न होतं. मांडववाल्यानं अडचण होते म्हणून गाडी जरा उगवतीकडं फिरवून ठेवली. नाना मिलमधून आले आणि त्यांनी ते बघितलं. नवरा घोड्यावर, मागं बँड, वरात निघालेली, आणि नाना वरातीच्या मधोमध गाडीचं पुढचं चाक फिरवतायत.

"नाना, वरात थांबलीय की!" मी ओरडलो.

"थांबू दे. त्याला कारण हाय," नाना म्हणाले.

"त्याला कारण हाय" हा नानांचा शब्द. काहीही विचारा, पहिलं उत्तर हेच. कारण सांगायचे ते त्यांच्या लहरीवर. गाडीच्या तोंडाचं कारण मात्र सगळ्या गल्लीला पाठ होतं. गाडी विलायतेची. विलायत मावळतीला. गाडी इकडं सासरी आलेली. सासुरवाशिणीला माहेरच्या वाटेकडं तोंड करून बसायला बरं वाटतं. झालं!

माझी पिठाची गिरणी नानांच्या दारासमोरच. त्यामुळं त्यांचं उठणं, बसणं, शिंकणंसुद्धा मला ठाऊक. मी चौथीपर्यंत शिकलो. पुढं शाळेनं मला घेतलं नाही की मी शाळेला घेतलं नाही, हा वाद अजून मिटलेला नाही. माझ्या लिहिण्यात चूक निघेल, बघण्यात निघायची नाही. गिरणी माझी मी उभी केली. दारातली शहाबादी फरशीची पायरीसुद्धा माझ्या हातानं बसवली. तिला कुणी सायकल टेकवली तर मी पट्टा उतरवून, गिरणी थांबवून भांडायला बाहेर यायचो. नानांनाही सांगून ठेवलं होतं, तुमच्या सूनबाईचं चाक माझ्या पायरीला लागता कामा नये.

नाना मिलमध्ये सायझिंग खात्यात, म्हणजे सुताला खळ लावतात तिथं. मिलमधला गोरा विणाई मास्तर कायमचा मायदेशी निघाला तेव्हा त्यानं ही गाडी नानांना दिली. देताना टाकीवर हात ठेवून तो साहेब रडला म्हणे. नानांनी ते डोळ्यांनी बघितलं आणि त्यांच्या मनानं घेतलं की हे साधं देणं नाही, ही पाठवणी आहे. मला म्हणायचे, "बाप रडला, आण्णा. लेक दिल्यागत रडला. मग मी तिला गाडी कशी म्हनू?"

रोज सकाळी नाना पिवळ्या फडक्यानं तिला पुसायचे. त्या फडक्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. ते वेगळं धुवायचं, वेगळं वाळवायचं. किक मारण्याआधी वाकून विचारायचे, "निगायचं का?" पहिल्या किकेला सुरू झाली तर नाना गल्लीकडं बघून हसायचे. नाही झाली तर म्हणायचे, "बरं न्हाय वाटत तिला," आणि चालत मिलला जायचे.

मागच्या सीटवर मात्र कुणाला बसू द्यायचे नाहीत. द्वारकावैनी, नानांची बायको, त्या पण कधी बसल्या नाहीत. घरात माणसं दोनच, त्यात ही तिसरी. मी एकदा वैनींना म्हणालो, "तुमी तरी हट्ट धरा की."

"मी न्हाय बाई बसत सवतीच्या मांडीवर," वैनी म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण डबा जरा जोरात आपटला.

तर एका उन्हाळ्यात गाडीच्या क्लचचं काहीतरी गेलं. नाना नव्या पेठेत स्पेअर पार्टवाल्याकडं गेले आणि परत आले ते थेट माझ्या गिरणीत. उभे राहिले. पीठ अंगावर उडत होतं, तरी हलेनात. मी पट्टा उतरवला.

"आण्णा, कारखाना हलला म्हनं."

"कुटला?"

"हिचा. कंपनीनं तिकडचा कारखाना बंद केला. आता गाड्या दर्यापार, पूर्वेकडच्या कुटल्या देशात करनार. तितं मजुरी सवंग हाय म्हनं. असल्या जुन्या गाडीचं पार्ट आता कोन करनार न्हाय."

"हलला म्हंजे? कारखाना कसा हलंल?"

"त्येच तर मी त्याला विचारलं! त्यो म्हनला, गिऱ्हाइकं उबी हायती, बाजूला व्हा."

खरं सांगतो, तो प्रश्न मलाही चावला. कारखाना हलतो म्हणजे नेमकं काय हलतं? यंत्रं बोटीत घालून नेतात का? मग इमारत? कामगार बोटीत बसतात का घरी बसतात? भोंगा कुणाच्या मालकीचा? आमच्या गावात मिलच्या भोंग्यावर बाया भाकरी थापायला घ्यायच्या. उद्या मिल हलली तर भाकरीचं काय? आम्ही दोघं म्हातारे आठवडाभर हेच चघळत होतो. दळणाला आलेल्या प्रत्येकाला नाना विचारायचे.

शेजारचा यल्लप्पा चादरी विणायचा. तो म्हणाला, "त्यात काय, नाना? आमचा आजा तेलंगणातून आला. लाकडं तितंच टाकली, हितं नवा माग केला. हात आले, माग आला."

"आनि त्या जुन्या लाकडांचं?"

"जळाली असतील कुनाच्या तरी चुलीत," यल्लप्पा म्हणाला. नानांना ते उत्तर अजिबात आवडलं नाही.

मग निघाला खरा घोळ. गाडीचं तोंड आता कुणीकडं करायचं? माहेर गेलं पूर्वेला. नाना नकाशा बघायला शाळेत गेले. गुरुजींनी पट्टीनं दाखवलं, हे सोलापूर, ही उगवत. दुसऱ्या दिवशी गाडी उगवतीकडं तोंड करून उभी. सगळी गल्ली बघायला. संध्याकाळी परत मावळतीला. "त्याला कारण हाय. सवय एकदम तुटत न्हाय." तिसऱ्या दिवशी पुन्हा उगवतीला. मग एके सकाळी बघतो तर गाडीवर गोणपाट. क्लच कसाबसा जोडून घेतला होता, पण नाना चालत मिलला निघाले.

"हे काय नवीन?"

"झिजवायची न्हाय आता. पार्ट मिळनार न्हाईत. हाय तशी जपायची."

वर्ष होतं उजनीचं धरण भरायला लागायच्या आधीचं. द्वारकावैनींचं माहेर भीमेकाठी, करमाळ्याच्या अंगाला. गाव धरणात जाणार होतं. माणसं उठली होती, भावाला दूर माळावर नव्या गावठाणात जागा मिळाली होती. एसटी आता जुन्या गावाला जात नव्हती. कोण उतरणार तिथं? वैनींचं एकच म्हणणं होतं. पाऊस पडून पाणी चढायच्या आत एकदा जायचं. आईच्या उंबऱ्यावर बसायचं. गेल्या खेपेला भावजय आजारी होती, ओटी भरायची राहिली होती, तसंच परत आल्या होत्या. जायला साधन म्हणजे नानांची गाडी. आणि नाना म्हणत होते, लांबचा पल्ला हिला झेपायचा नाही.

"पावसाळा तोंडावर आला," वैनी म्हणायच्या.

"बघू," नाना म्हणायचे. गोणपाटाची दोरी आणखी एकदा आवळायचे.

एक दिवस गिरणीत नाना, यल्लप्पा आणि मी, आमचं तेच चाललेलं. काय हलतं आणि काय हलत नाही. वैनी ज्वारीचा डबा घेऊन आल्या होत्या. त्या कधी आमच्या मधे बोलायच्या नाहीत. त्या दिवशी डबा खाली ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं.

"काय हालतं त्ये मी सांगू का? दारं हालत्यात. चौकटी हालत्यात. पत्रं, तुळया, जनावरं हालत्यात. देव सुदीक हालतो, बैलगाडीत बसून ग्येला आमचा. नवी पाटी लावत्यात, नाव त्येच. आनि इहीर तितंच ऱ्हाती. आयला जाळली ती जागा तितंच ऱ्हाती. दारातला शेवगा तितंच. पानी आलं की त्यो पान्यात उबा ऱ्हानार."

वैनी नानांकडं बघत होत्या.

"तुमच्या तिला निदान दोन दिशा तरी हायती. म्या कुनीकडं तोंड करून बसू?"

मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "बारीक दळा, आण्णा. मागल्या बारीला भरड आलं हुतं." आणि गेल्या.

पीठ भरड आलं नव्हतं. माझ्या गिरणीत भरड येत नाही. पण त्या दिवशी मी वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी फटफटायला नाना माझ्या दारात. "आण्णा, मूठ-दोन मूठ गहू द्या."

"दळून?"

"न दळता."

पिठाच्या गिरणीत येऊन न दळलेले गहू मागणारा माणूस मी तोवर बघितला नव्हता. कशाला, विचारलं. "त्याला कारण हाय." गहू कागदात बांधून खिशात टाकले. गाडीवरचं गोणपाट काढलं. वैनी नव्या लुगड्यात बाहेर आल्या, गाडीकडं बघितलं, मागच्या सीटकडं बघितलं.

"बसू का?"

"मग काय चालत येतीस?" नाना म्हणाले. टाकीवर हात ठेवून हळूच विचारलं, "निगायचं का?" आता ते कुणाला विचारलं, देव जाणे. पहिल्या किकेला गाडी सुरू झाली. वैनींनी आधी सीटला धरलं, मग नानांच्या खांद्याला. गल्लीच्या तोंडाशी जाईपर्यंत दोघं मान ताठ करून, फोटोला बसल्यासारखे.

परत आले दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, एका मालट्रकातून. येताना टेंभुर्णीच्या पुढं गाडीनं जीव सोडला होता. ट्रकमधून चौघांनी तिला खाली घेतलं. मला वाटलं नाना आता रडणार. पण ते ट्रकवाल्याला चहा पाजण्याच्या गडबडीत होते.

तिथं काय झालं ते वैनींनी सांगितलं, नंतर, दळणाला आल्यावर. गावात चिटपाखरू नव्हतं. एक कुत्रं तेवढं फिरत होतं. घराला छप्पर नाही, दार नाही, चौकट काढून नेलेली. दगडी उंबरा होता. वैनी त्यावर बसल्या आणि त्यांना रडू आवरेना. ओटी भरायला बाईमाणूस लागतं, आणि तिथं बाईमाणूस त्या एकट्याच.

"तर ह्ये उटले, आण्णा. खिशातनं तुमचं गहू काडलं. नारळ वाटंत घेतला हुता. मला म्हनले, पदर पसर. म्या म्हनलं, आवो, पुरुष भरत न्हाईत. म्हनले, हितं बगायला हाय कोन? कुकू लावलं ते नाकावर. आनि खण न्हवता, तर त्यांनी पिवळं फडकं काडलं."

"गाडीचं?"

"व्हय. धुऊन आनलं हुतं. ओटी भरली, आनि म्हनले, 'दिवाळीला ये गं.' " वैनींनी डोळ्याला पदर लावला आणि त्यातूनच हसल्या. "दिवाळीला तितं पानी आसनार. कुटं येनार, त्ये त्यास्नी तरी कुटं ठावं? पर म्हायेरात म्हनत्यात तसं म्हनलं."

गाडी पुन्हा काही चालू झाली नाही. नव्या देशातला पार्ट तिला बसला नसता, आणि बसला असता तरी नानांनी बसवला नसता. पण रोज सकाळी ते तिला पुसत राहिले, साध्या फडक्यानं. पिवळं फडकं वैनींच्या ट्रंकेत गेलं.

आल्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी गिरणी उघडायला आलो तर गाडीचं मागचं चाक माझ्या पायरीला टेकलेलं. मी तिथूनच सुरू झालो, "नाना! सांगून ठेवलं हुतं का न्हाय?" आणि बोलता बोलता थांबलो. गाडीचं तोंड मावळतीला नव्हतं. उगवतीलाही नव्हतं. तिरपं, पुणे नाक्याच्या अंगाला होतं. उजनी त्याच वाटेला.

समोर ओट्यावर वैनी ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्यांचंही तोंड तिकडंच.

"ही कुटली दिशा, नाना?"

"त्याला कारण हाय," नाना म्हणाले, आणि गाडी पुसू लागले.

त्या आठवड्यात मी छन्नी-हातोडा घेतला आणि पायरीचा तो कोपरा उडवून टाकला. चाक नीट बसलं. आता दळणाला येणाऱ्या बाया ठेचाळतात आणि विचारतात, "मालक, चांगली पायरी, तोडली कशाला?"

मी पट्टा चढवतो आणि म्हणतो, "त्याला कारण हाय."