उंबरबोडीची भरलेली कोठी

ब्लॉकचे साहेब सोमवारी धान्यकोठी तपासायला येत आहेत, ही चिठ्ठी उंबरबोडीला शनिवारी दुपारी पोचली. त्या वेळी कोठीत बांबूच्या, शेणामातीने लिंपलेल्या चार मोठ्या ढोल्या होत्या आणि चारही रिकाम्या होत्या.

यात कोणाची चूक नव्हती. कोठी त्यासाठीच होती. दिवाळीच्या सुमारास धान निघाला की प्रत्येक घराने आपला वाटा कोठीत टाकायचा, पावसाळ्यात घरचा सरला की तिथून उचलायचा आणि नवा आला की थोडा वाढवून परत करायचा, अशी ही व्यवस्था तीन वर्षांपूर्वी सुरू झाली होती. १९५७ चा भादवा नेहमीपेक्षा जड गेला. नागभीडच्या बाजारात तांदूळ महिन्यात दोनदा महागला. तेल आणि मीठही मागे राहिले नाही. म्हणून आठ दिवसांपूर्वी कोठीतला उरलासुरला धान घरोघर वाटून टाकला होता. हलका धान कापणीला यायला अजून दीड महिना होता. तेवढ्या दिवसांचे जेवण आता गावातल्या घरांत होते. हात आखडून खाल्ले तर पुरणार होते.

कोठीची किल्ली रुखमाबाईच्या कमरेला असे आणि कागदपत्र भैयाजी मास्तरांच्या पेटीत. मास्तरांनी चिठ्ठी दोनदा वाचून दाखवली आणि घडी करून खिशात ठेवली.

"रिकामी आहे तं रिकामी दाखवू," ते म्हणाले. "वाटली म्हणून रिकामी झाली. त्यात लाजाचं काय?"

"परक्या मानसाले रिकामी ढोली दाखवू?" रुखमाबाई म्हणाली. "मास्तर, तुमाले शाळेत हेच शिकवते का?"

तिचे म्हणणे त्या मुलखात कोणालाही पटले असते. सोयरीक जुळवायला आलेले पाहुणे पाणी पिण्याच्या निमित्ताने आत डोकावत आणि जाता जाता घरच्या ढोलीवर टिचकी मारत. भद्द आवाज आला तर बोलणी पुढे सरकत. पोकळ आला तर नुसताच चहा होई. रुखमाबाईच्या तिन्ही मुली या परीक्षेतून पार पडल्या होत्या. मधलीच्या वेळी ढोलीतला धान शेजारच्या घरचा होता, पण आवाज भद्दच आला होता.

"साहेब काही सोयरीक पाहाले येऊन नाई राह्यला, बाई."

"मंग कायले येऊन राह्यला? पाहालेच ना?"

मग मास्तरांनी दुसरा मार्ग सुचवला. ढोल्यांत खाली तणस, म्हणजे धानाचा सुका पेंढा, भरावी आणि वर वीतभर धान पसरावा. एका दिवसापुरते काम भागेल.

रुखमाबाईने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिले की मास्तरांनी टोपी सारखी केली. "खोटं काम या कोठीत होनार नाई. दाखवाचा तं खरा धान दाखवू. वरपासून खालपर्यंत."

रविवारी सकाळपासून आठ दिवसांपूर्वी गेलेला धान परत येऊ लागला. कोणी टोपल्यात आणला, कोणी पोत्यात, कोणी लुगड्याच्या ओच्यात. लटारूच्या बायकोने, गुणाबाईने, आपले टोपले ढोलीत रिकामे केले आणि कमरेवर हात ठेवून ती उभी राहिली.

"आठ दिवसांआंधी नेला, आज आनला. धान आहे का सासुरवाशीन पोरगी?"

"मंगळवारी परत नेजो वं," रुखमाबाई म्हणाली. "दोन दिवस आंबील पेली तं मरत नाईस."

"मी नाई मरत. पन ह्या मानसाले कोन सांगनार?"

लटारू मागे उभा होता. तो गावातला सर्वांत आडव्या अंगाचा माणूस होता आणि जेवणाच्या बाबतीत सर्वांत हळवा. त्याने रिकामे टोपले उचलून आत पाहिले.

दुपारपर्यंत दोन ढोल्या भरल्या आणि तिसरी निम्मी झाली. आणखी दाणा गावात शिल्लक नव्हता. दीड ढोली तरीही उघडी पडत होती. तेव्हा रुखमाबाईने तीन बैलबंड्या जुंपायला लावल्या आणि जंगलातल्या वाटेने दीड कोसावरचा कोसमटोला गाठला.

कोसमटोला ही गोंडांची वस्ती. तिथेही अशीच कोठी होती; ती बुधरी सांभाळत असे. त्यांच्याकडे मोहफुलांवर आणि वास्त्यांवर, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांवर, बरेच दिवस निघत, म्हणून कोठीतला धान अजून होता. बुधरीने सगळे ऐकून घेतले.

"म्हंजे तुले धान खाले नाई पाह्यजे. दाखवाले पाह्यजे."

"हो वं."

"पाहून पोट भरते का तुमच्या सायबाचं?"

"त्याचं भरते का नाई मले ठाऊक नाई. गावाचं नाक राहते."

बुधरी हसली. तिने वस्तीच्या पत्रू पाटलाला विचारले. म्हातारा मान हलवून हो म्हणाला. कोसमटोल्याची कोठी झाडून तिन्ही बंड्यांत भरली गेली.

"मंगळवारी परत," रुखमाबाई म्हणाली. "आन् हे कोनाले सांगू नोको."

"सांगत नाई. पन कोनी विचारलं तं खोटंबी बोलत नाई."

सोमवारी अकरा वाजता मिरीकर साहेब आले. त्यांची जीप नाल्यात अडकली होती, त्यामुळे ते गुडघ्यापर्यंत चिखलात होते. छत्री मात्र कोरडी होती. सोबत झिंगू नावाचा चपराशी होता. साहेबांनी कोठीत शिरून पहिल्या ढोलीवर टिचकी मारली. भद्द. दुसरीवर मारली. भद्द. रुखमाबाईने मास्तरांकडे पाहिले. मग साहेबांनी झिंगूच्या हातातली लांब सळई घेतली आणि प्रत्येक ढोलीत तळापर्यंत खुपसली. वरपासून खालपर्यंत धानच होता.

"बाई, इतकी प्रामाणिक कोठी मी या तालुक्यात पाहिली नाही," साहेब म्हणाले.

"आमच्या गावात दुसरं काही चालत नाई जी."

"पण भादव्यात चारही ढोल्या भरलेल्या कशा? लोकांनी उचल केली नाही?"

"गरजच नाई पडली. सारे खाऊनपिऊन सुखी आहेत."

लटारूने सकाळी फक्त आंबील घेतली होती. त्याच्या पोटातून त्याच क्षणी एक दीर्घ आवाज आला. गुणाबाईने मोठ्याने खोकून तो झाकला.

साहेबांनी वहीत बराच वेळ लिहिले. "ठीक. तुमच्यामुळे माझं एक काम सोपं झालं. या कोठ्या पुढे चालवायच्या की बंद करायच्या, ते ठरवायला मी गावोगाव फिरतोय. महागाई एवढी आहे. अशा दिवसांत जी कोठी रिकामी झाली, ती उपयोगी पडली असं धरायचं. तिला सरकारकडून वीस पोती द्यायची आणि पुढे चालू ठेवायची. जी भरलेलीच राहिली, तिची त्या गावाला गरज नाही. ती बंद, आणि तिच्यातला धान गरज असलेल्या गावाला."



"साहेब," भैयाजी मास्तर पुढे झाले, "रिकामी कराले टाइम नाई लागत. अर्ध्या घंट्यात करून देतो."

"कशाला?"

"उपयोगी पडाले."

साहेबांनी ही मास्तरांची थट्टा समजून हसून सोडली. रुखमाबाईने तोंड उघडले. खरे काय ते सांगून टाकावे, नाक गेले तर गेले, असे तिने ठरवले होते. पण साहेब आधीच बोलत होते. "तिकडे एका गावाने मला तणशीवर धान पसरून दाखवला. मी वर कळवून टाकलंय: आणखी एका जरी कोठीत बनवाबनवी सापडली, तर तालुक्यातल्या सगळ्या कोठ्या बंद करा. म्हणून तुमच्यासारखी कोठी पाहिली की बरं वाटतं."

रुखमाबाईने तोंड मिटले. सगळ्या म्हणजे कोसमटोल्याचीही. ज्या बाईने कोठी झाडून दिली, तिचीच कोठी बुडवायची, हे तिला जमण्यासारखे नव्हते.

झिंगूने कुलपाला लाख लावून मोहर उठवली. हा धान कुठे न्यायचा ते संध्याकाळपर्यंत कळवतो, असे सांगून साहेब निघाले. पाऊस थांबला होता, म्हणून वाटेत कोसमटोलाही पाहून घ्यावा असे त्यांना वाटले.

उंबरबोडीचे दीड महिन्याचे जेवण मोहरेच्या आत राहिले आणि उंबरबोडी बाहेर.

"तणस भरली असती तं आज लबाड ठरलो असतो," मास्तर चावडीवर म्हणाले, "पन धान तरी घरी असता."

"बाई," लटारूने दिवसभरात पहिल्यांदाच तोंड उघडले, "आपन खाऊनपिऊन सुखी आहो ना? मंग मले अशी भूक काऊन लागून राह्यली?"

रुखमाबाईने पोरीबाळींना वास्ते आणायला जंगलात पाठवले आणि स्वतः कोठीच्या पायरीवर बसून राहिली. दिवस कलताना झिंगू हुकूम घेऊन आला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता.

"कोसमटोल्याची कोठी पक्की खाली, झाडून रिकामी निंगाली," तो सांगू लागला. "सायबानं त्या बुधरीबाईले विचारलं, धान कुठी गेला? तं बाई म्हनते, ज्याले गरज होती त्यानं नेला. साहेब एवढा खूश झाला, का म्हनते, कोठी असावी तं अशी. वीस पोते तिले मंजूर. आन् तुमचा सारा धानबी तिलेच. उद्या तुमच्याच बंड्यांनी पोचवा लागते. तुमच्या गावाले साहेबानं 'सुखी गाव' म्हनून लिवलं आहे जी."

मंगळवारी सकाळी झिंगूने मोहर तोडली आणि आठ बंड्या कोसमटोल्याकडे निघाल्या. बुधरीला मंगळवारचा वायदा होता आणि तो तंतोतंत पाळला गेला. फक्त तिच्या धानाबरोबर उंबरबोडीचाही गेला. लटारू पहिल्या बंडीवर पोत्यांना पाठ लावून बसला होता. त्याला कोणी उतर म्हणाले नाही.

रात्री कोसमटोल्यातच मुक्काम केलेल्या साहेबांनी सगळा धान समोर ओतवून घेतला, ही कोठी पुढे चालवावी आणि जमल्यास वाढवावी असा शेरा लिहिला, पत्रू पाटलाला चार सूचना दिल्या आणि ते चांद्याच्या रस्त्याला लागले. जीप दिसेनाशी होईपर्यंत सगळे हात जोडून उभे होते.

मग रुखमाबाई वळली. "बुधरी, तुहा धान तुले पोचला."

"पोचला."

"बाकीचा…"

"बाकीचा तुमच्या पोटातला आहे, मले ठाऊक आहे," बुधरी म्हणाली. "देतो ना. आपल्या कोठीत आता दोन गावं पोसाची ताकद आली. पन पाटलाचं आयका."

पत्रू पाटील खाटेवर बसला होता. त्याने हळूहळू सांगितले, "साहेब बोलून गेला. आजूबाजूच्या गावाले बी देजा. पन ज्याले देता त्याच्या घरी जाऊन ढोली पाहा. खाली असल तं देजा. तुमीच सायबाले बोलले, गरज नाई. मंग आमाले पाहा लागंल का नाई?"

"माही ढोली? तुमी पाहान?"

"साऱ्याईच्या," बुधरी म्हणाली. "पयले तुही. किल्ली तुह्यापाशी राहाची ना."

परतीच्या वाटेवर रुखमाबाई बंडीत बसली नाही. दीड कोस चालत आली. मास्तर तिच्या मागे काही अंतर ठेवून चालले.

बुधवारी सकाळी बुधरी आणि पत्रू उंबरबोडीत आले. रुखमाबाईच्या अंगणात गाव जमले. ती दारात आडवी उभी होती. या दारातून तीन सोयरिका जुळल्या होत्या. एकाही पाहुण्याला तिने तळ दिसू दिला नव्हता. तिने गर्दीकडे पाहिले. लटारू जमिनीवर बसला होता. त्याला उभे राहणे परवडत नव्हते. गुणाबाईच्या कडेवरचे पोर वास्त्याचा तुकडा चोखत होते.

रुखमाबाई दारातून बाजूला झाली.

बुधरीने ढोलीवरचे झाकण काढले, वाकून आत पाहिले आणि खांद्यापर्यंत हात घातला. हात बाहेर आला तेव्हा बोटांना कोळिष्टक लागले होते.

"खाली आहे," ती म्हणाली. "लिवा मास्तर."

मास्तरांनी लिहिले. एक घर झाले. मग सगळे गुणाबाईच्या घरी गेले. तिथेही बुधरीने हात घातला आणि थांबली. मुठीत काहीतरी आले होते. तिने मूठ उघडली: पंधरा-वीस दाणे धान.

"ते कोपऱ्यात राह्यले असन," गुणाबाई घाईने म्हणाली. "खालीच समजा जी."

मागून गर्दी बाजूला सारत रुखमाबाई पुढे आली. दोन दिवसांत तिची मान पहिल्यांदाच ताठ होती.

"काऊन समजा? पाहा, साऱ्याईनं पाहा! हिच्या घरी मूठभर तरी निंगाला. माह्या ढोलीत झाडू मारून एक दाना काढून दाखवा. अशी खाली ढोली या गावात दुसरी नाई. मास्तर, पयलं नाव माहं!"