पत्त्याचा पुरावा सोबत जोडावा

माणूस कुठे ना कुठे राहतोच, ही गोष्ट उघड आहे. परंतु उघड गोष्टींवर शासन चालत नाही, हेही तितकंच उघड आहे.

फिलिपिन्समधल्या आगुसानच्या दलदलीतल्या सरोवरात तिबुर्सिया मानलिबास ही मनोबो जमातीची म्हातारी चौऱ्याहत्तर वर्षं राहत होती. तिचं घर ओंडक्यांच्या तराफ्यावर, वेताच्या दोरानं झाडाला बांधलेलं. पाणी चढलं की घर चढे, उतरलं की उतरे. (असं घर कधी बुडत नाही. त्यामुळे पूरग्रस्तांच्या यादीतही तिचं नाव नव्हतं.)

तिला वृद्धांचं सरकारी पेन्शन हवं होतं, कारण कवळी करायची होती. तीन वर्षं तिनं सुका मासा चावला नव्हता. नुसता चोखला होता.

लिबुतान गावच्या कचेरीतला सेक्रेटरी नेस्तोर हा निष्कलंक माणूस. (आईनं बोलावलं तरी तो लेखी मागे.) तो अदबीनं म्हणाला, "आजी, उन्हाळ्यात तुमचं घर आमच्या हद्दीत. पावसाळ्यात सरकतं शेजारच्या मान्ताबोन गावच्या हद्दीत. फॉर्मवर 'कायमचा पत्ता' असं छापलंय."

"झाड कायमचं आहे की रे. झाडाला दे पेन्शन."

"झाडाचं वय साठच्या वर आहे का?" नेस्तोरनं पेन उचलून विचारलं.

मान्ताबोनच्या कचेरीनं हेच उत्तर ऋतू उलटे करून दिलं. निवडणुकीला मात्र दोन्ही गावांच्या होड्या तिला न्यायला येत.

"मग मतदार यादीत मी कशी?" तिनं नेस्तोरला विचारलं.

"तो मताचा पुरावा, आजी. राहण्याचा नव्हे."

जन्माची नोंद तर नव्हतीच. नियमानुसार जन्म पाहिलेला साक्षीदार हवा होता. थोरली बहीण पासिता, वय एक्याऐंशी, शपथेवर सांगायला आली; पण ती स्वतः जन्मल्याचाही कागद नव्हता. तेव्हा आधी तिबुर्सियानं पासिता जन्मल्याची शपथ घेतली, मग पासितानं तिबुर्सिया जन्मल्याची.

"मी नाही म्हटलं असतं तर गं?" पासितानं डोळे मिचकावले.

"तर तूही राहिली असतीस जन्मायची!"

दोघी इतक्या हसल्या की शिक्का वाकडा बसला.

तरी महिन्याभरात अर्ज परत आला. शेरा होता: 'पत्त्याचा पुरावा सोबत जोडलेला नाही.' तिबुर्सियानं तो पुतण्याकडून तीनदा वाचून घेतला.

"जोडायचाय होय? मग जोडते."

पावसाळ्यात पाणी कचेरीच्या पायरीला लागतं. सहा होड्या, अकरा पुतणे, दोन कोंबड्या आणि दारात बसून सगळ्यांच्या चुका काढणारी पासिता, अशा लवाजम्यानिशी घर चार तासांत जलपर्णीतून ओढत आणलं गेलं. तिबुर्सियानं ते कचेरीच्या झेंड्याच्या खांबाला करकचून बांधलं आणि आत जाऊन अर्ज ठेवला.

"जोडलाय."

नेस्तोर बाहेर आला. त्यानं अर्ज पाहिला, घर पाहिलं. पुरावा मूळ होता. स्पष्ट होता. शिवाय हद्दीत होता.

"झेरॉक्स?" त्यानं क्षीण आवाजात विचारलं.

"घाल मशीनमध्ये. कोंबड्या तेवढ्या काढून घे."

तपासणीसाठी नेस्तोर घरात शिरला. चुलीवर मासा भाजत होता. दोन तुकडे खाऊन त्यानं शेरा लिहिला: 'मूळ पुरावा पाहिला. खरा आहे.' पेन्शन मंजूर झालं.

पण 'जोडलेली मूळ कागदपत्रं परत मिळणार नाहीत' असाही नियम असतो. सबब घर फाईल क्रमांक ४१७ मध्ये दाखल झालं. पाणी ओसरलं, घर कचेरीच्या अंगणात टेकलं. तिबुर्सिया तिथंच अर्जदारांना भाजलेला मासा विकते आणि कुणाला काय जोडायचं ते फुकट सांगते. तिला आता कायमचा पत्ता आहे. फक्त सरोवर दिसत नाही, म्हणून ती अधूनमधून सरकारला चार शिव्या देते.

सुदैवानं तुमचं तसं नाही. तुमच्या ओळखपत्रावरच्या फोटोत तुम्हीच आहात. दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचं तुम्ही लेखी कळवता. गेल्या वर्षी सही जुळली नाही, तेव्हा घरी येऊन तुम्ही आरशात डोकावलात, हे आम्ही कुणाला सांगणार नाही.