पंपाला वीज पुरेल का?

"पाण्याने थंड करायचंय ना? मग ते माझ्यावर सोड. जन्मभर मी दुसरं केलंय काय?" असं डिनो झनेट्टी म्हणाला, तेव्हाच रोझाल्बाने कम्प्युटर उचलून माहेरी जायला हवं होतं. माहेर दोन रस्ते पलीकडेच होतं. पण बाई गाफील राहिली.

तिचाही नाइलाज होता. तिच्या सासूबाई, म्हणजे ऑस्ट्रेलियातलं हे अख्खं इंगम गाव जिला नोन्ना, इटालियनमध्ये आजी, आसुंता म्हणतं ती म्हातारी, रविवारी नव्वद वर्षांची होणार होती. क्लबचा हॉल ठरला होता, पार सिडनीहून पाहुणे निघाले होते. रोझाल्बाने घरोघरी फिरून जुने फोटो, लग्नाच्या फिती, ऊसतोडीच्या काळातली थरथरणारी चित्रं गोळा केली होती आणि त्यांची एक फिल्म जुळवायला घेतली होती. जानेवारीचा उकाडा असा, की घराखालच्या खोलीत माणूसही वितळावा. फिल्म जरा लांबली की कम्प्युटर धापा टाकायचा आणि ऐन रंगात आल्यावर मान टाकायचा.

डिनो साखर कारखान्यात फिटर होता. गाळपाच्या हंगामात तिथले पाण्याचे पंप त्याच्या हुकमाखाली असत. निवृत्त झाल्यापासून हाताखाली एकही पंप उरला नव्हता, आणि ते दुःख तो घरातल्या नळांवर काढत असे. त्यामुळे कम्प्युटर पाण्यानेही थंड करता येतो हे कळल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते रोझाल्बाने लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

त्याने सामान मागवलं आणि बसवलंही. प्रोसेसरच्या डोक्यावर पंपाची डबी, तिच्यातून निघालेल्या दोन नळ्या, वर पंख्यांचा रेडिएटर. खोटं कशाला बोला, काम सुरेख झालं होतं. तारा अशा नीट बांधल्या होत्या, की नवरीच्या वेणीने लाजावं. कम्प्युटर दिवसभर चालला, एकदाही बंद पडला नाही. रोझाल्बाने खूश होऊन नवऱ्याच्या टकलाचा मुका घेतला. गोष्ट इथेच संपायला हवी होती.

पण त्या संध्याकाळी जेवताना डिनोने काटा खाली ठेवला. एवढा पंप चढवला, पंखे चढवले, आणि वीज पुरवणारा डबा मात्र जुनाच? त्याला ते पटेना. कारखान्यात पंप सुरू व्हायचा तेव्हा तिप्पट वीज ओढायचा, कँटीनमधले दिवे मंद व्हायचे, असं त्याने सांगितलं. रोझाल्बाने सांगितलं, की आपला पंप अंगठ्याएवढा आहे आणि इथे कँटीन नाही. दुसऱ्या दिवशी ती खाली गेली, तर हा कम्प्युटरला कान लावून बसलेला.

"दमतोय," तो म्हणाला. "ऐक, कण्हतोय बिचारा."

शेवटी तिने टाउन्सव्हिलच्या दुकानात फोन लावला, तोही डिनोला ऐकू जाईल असा. तिथल्या बाईने शांतपणे समजावलं. पंप आणि पंखे मिळून उशाजवळच्या दिव्याएवढी वीज खातात. खरी खादाड म्हणजे प्रोसेसर आणि चित्रांचं कार्ड. ती दोन्ही बदललेली नाहीत, मग तुमचा जुना डबा पुरून उरेल. रोझाल्बाने विजयी मुद्रेने फोन ठेवला.

"या बाईने कधी पंप उघडून पाहिलाय का?" डिनोने विचारलं.

शुक्रवारी रोझाल्बा नणंदेकडे, मारिसाकडे, क्रोस्तोली, म्हणजे साखर भुरभुरलेल्या गोड पट्ट्या, तळायला गेली. डिनो घरून निघाला तो वाढदिवसाची वाइन आणायला म्हणून. वाइन त्याने आणली, नाही असं नाही. पण वाइनच्या खोक्याखाली आणखी एक खोकं होतं, आणि त्यात दुकानातला सगळ्यात दणकट वीजपुरवठ्याचा डबा होता. तेवढ्या ताकदीवर शेजाऱ्यांचाही कम्प्युटर चालला असता.

बायको यायच्या आत त्याने जुना डबा काढून नवा बसवला. जाड केबली नव्या डब्यात शिरेनात, म्हणून त्या बदलल्या. डिस्कांकडे जाणारी बारीक केबल मात्र चपखल बसली. ती मागच्या बाजूने त्याने स्वतः इतकी देखणी बांधली होती, की सोडवायला जीव होईना. प्लग बसतोय, म्हणजे जमतंय, असा हिशेब करून त्याने ती जुनीच राहू दिली आणि बटण दाबलं.

टक् असा आवाज झाला. मग काकवी करपल्यासारखा वास आला.

रोझाल्बा जिन्यावरूनच विचारत आली, काय जळलं?

"काही नाही गं. बघ तरी, पंप किती शांत चाललाय."

पंप खरंच शांत चालला होता. पंखे फिरत होते, पाणी खेळत होतं, आणि पडद्यावर एकच ओळ होती: डिस्क सापडत नाही. त्या घटकेला एवढा थंड कम्प्युटर अख्ख्या क्वीन्सलंडमध्ये नसेल. थंड करण्याजोगं त्याच्यात काही उरलंच नव्हतं.

दुकानातल्या बाईने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, जुनी केबल तर नाही ना वापरलीत? प्रत्येक कंपनीच्या केबलीत तारांचा क्रम वेगळा असतो, तोंड सारखं दिसलं म्हणून काय झालं? दोन्ही डिस्का गेल्या होत्या. फिल्म एकीवर होती, आणि तिची राखून ठेवलेली प्रत, अर्थातच, दुसरीवर. ब्रिस्बेनला दुरुस्तीला पाठवल्या तर काही हाती लागेलही, पण रविवारपर्यंत नाही.

रोझाल्बा ओरडली नाही. खुर्चीवर बसून नुसती त्या फिरत्या पंख्यांकडे बघत राहिली. ती ओरडली असती तर बरं, असं डिनोला वाटलं.

"तुझ्या आईला रविवारी काय दाखवू? रेडिएटर?" एवढंच ती बोलली.

तेवढ्यात मारिसाचा फोन आला, पाहुण्यांना गाद्या पुरतील का विचारायला. आणि रोझाल्बाला आठवलं, की नातेवाइकांची नावं तपासायला मारिसाला फिल्मची कच्ची प्रत पेन ड्राइव्हवर दिली होती! शेवट आणि संगीत नव्हतं, बाकी सगळं होतं. मारिसाने नावं काही तपासली नव्हती, पेन ड्राइव्ह पर्समध्ये तसाच होता. डिनो धावत जाऊन घेऊन आला. टीव्हीला लावून सुरुवात पाहिली. इटलीहून आलेल्या जहाजातून उतरणारी तरुण आसुंता स्पष्ट दिसली. रोझाल्बाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने तिथेच टीव्ही बंद केला. पुढचं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

रविवारी लझान्या झाला, कोळंबी झाली, हॉलमध्ये अंधार केला. जहाज आलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग जुन्या घरासमोर उभ्या कुणा माणसाचा फोटो आला आणि हॉलभर रोझाल्बाचा आवाज घुमला. काम करताना स्वतःसाठी बोलून ठेवलेल्या सूचना होत्या त्या.

"हा कोण ते डिनोला विचारायचं नाही, तासभर सांगत बसेल."

लोक हसले. रोझाल्बा रिमोट शोधू लागली, तर मारिसाच्या नवऱ्याने तो शर्टात लपवला.

"मारिसाचं लग्न. केक पडतो तो भाग ठेवायचा, तिला आवडणार नाही." हॉल गडगडला. "डिनो आणि त्याचा पंप. कापा." माणसं टेबलं बडवायला लागली, आणि सगळ्यात मोठ्याने डिनो हसत होता. मग नाताळचा फोटो आला. "सासूबाईंनी इथेही तोंड वाकडंच केलंय. एका तरी फोटोत हसल्या असतील का?"

हॉल एकदम चिडीचूप झाला. सगळ्यांच्या माना पुढच्या रांगेकडे वळल्या.

नोन्ना आसुंता खुर्चीत मान टाकून घोरत होती. लझान्या दोनदा घेतला होता तिने.

रोझाल्बाने देवाचे, मेरीमातेचे आणि लझान्याचे आभार मानले. फिल्म संपली, दिवे लागले, टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या आवाजाने म्हातारी दचकून जागी झाली आणि चष्मा सावरत तिने पडद्याकडे पाहिलं.

"लावा की मग," ती म्हणाली. "सगळे आलेत ना? आणि आवाज जरा मोठा ठेवा, मला कमी ऐकू येतं."