शीलाचं डोकं डिक्कीत!

"ॲडमिशन आणणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ आहे, मॅडम!" असं मी भर मीटिंगमध्ये बोलून बसलो. बोलून बसायची मला सवयच आहे.

आमचं विद्यापीठ खाजगी, मध्य प्रदेशातल्या बालाघाटला नवंनवं उघडलेलं. त्यातलं आमचं नर्सिंगचं स्कूल आणखी नवं. सोमवारपर्यंत आणखी आठ मुली मिळाल्या नाहीत तर बीएस्सी नर्सिंगची यंदाची बॅच बंद! आणि बॅच बंद म्हणजे माझ्यासारखे कंत्राटी मास्तर घरी! हे आमच्या संचालक देवश्री मॅडमनी इतक्या गोड आवाजात सांगितलं, की मी आधी मान डोलावली आणि मग हादरलो. आमच्या घराण्यात आजोबांपासून सगळे सरकारी नोकरीत, पेन्शन घेऊनच गेले. कंत्राटी निघालो तो मीच. आता तेही गेलं तर बायकोला, उमाला, काय तोंड दाखवू?

बाकीचे मास्तर पर्चे वाटत फिरत होते. पर्चे! लोक त्यात भजी बांधून घेतात! मी ठरवलं, आपण शीलाला न्यायचं.

शीला म्हणजे आमच्या लॅबमधली सरावाची बाहुली. अंगापिंडानं खऱ्या बाईएवढी, रबराची, डोळे टक्क उघडे. मुली तिच्या छातीवर दाब द्यायला शिकतात, सुया टोचतात. त्यासाठी तिच्या हातांत नळ्या आणि नळ्यांत लाल पाणी भरलेलं असतं. शीला हे नाव मुलींनीच दिलेलं. एकदा का पोरींनी शीलाला पाहिलं, की नर्सिंगचं वेड लागलंच म्हणून समजा!

पण विद्यापीठाची जीप केदार मास्तर घेऊन गेला बिरशा गावाला. राहिली माझी स्कूटर. शीलाला मागं बसवून पाहिलं, तर ती कलंडायची. मग काय, पेच ढिले केले. डोकं डिक्कीत, बाकीची शीला गोणीत, गोणी मागच्या सीटवर दोरीनं करकचून बांधली आणि निघालो रामपायलीला. बारावी पास पोरी त्या दिवशी शाळेत मार्कशीट घ्यायला येणार होत्या. वेळ साधावी ती अशी!

रस्त्यानं माझी आणि शीलाची हाडं खिळखिळी केली. शाळेसमोर मैनाबाईची चहाची टपरी आहे. तिथं स्कूटर लावली, चहा सांगितला, तेवढ्यात मॅडमचा फोन. रेंज अशी, की बोंबलल्याशिवाय पलीकडे जाईना. मी बोंबललो.

"हॅलो! हौ मॅडम, पोचलो रामपायलीले!... शीला? आहे ना सोबत!... अख्खी कशी आणणार स्कूटरवर? सुटी करून आणली!... डोकं डिक्कीत, पाय गोणीत!... नाही मॅडम, कोणी पाहिलं नाही!... एक हात रस्त्यातच निखळला, पण त्याचं टेन्शन नको!... अहो, आठ पोरी घेतल्याशिवाय आज परतच येत नाही मी!"

कोणी पाहिलं का, हे मॅडमनी दुसऱ्या कॉलेजवाल्यांच्या भीतीनं विचारलं होतं. आमची आयडिया चोरतील म्हणून! पण ते टपरीवर कोणाला माहीत?

मी फोन ठेवला. मैनाबाईच्या हातातली गाळणी तशीच हवेत. तिची नजर माझ्या स्कूटरवर. मीही वळून पाहिलं. गोणीच्या कोपऱ्यातून टप टप लाल पाणी गळत होतं. नळी फुटली वाटतं, मी मनात म्हटलं. आता मॅडम ओरडणार!

"अव माय वं!" मैनाबाई पुटपुटली. मग एकदम गोड झाली. "बसा ना सायेब. आनखी चा घ्या. जाऊ नोका बरं!"

काय हा पाहुणचार! मी गहिवरलो. तिनं कोणाच्या तरी कानात काही सांगून त्याला पिटाळलं, ते मी पाहिलं. वाटलं, भजी मागवली असतील. तेवढ्यात गर्दी जमायला लागली. बाजारातून लोक आले, शाळेतून मास्तर आले, हातात मार्कशीट धरून पोरी आल्या. इतकी गर्दी आमच्या एकाही प्रचारसभेला कधी झाली नव्हती! माझ्या अंगात वारं शिरलं. मी टपरीच्या बाकावर उभा राहिलो.

"मुलींनो, घाबरू नका! तुमच्यातल्या आठ जणींना आजच पक्कं करायचं आहे! चार वर्षं घराकडे पाहायचं नाही! राहायची-खायची सोय आमच्याकडे! शीलासोबत काय काय करतो, ते आत्ता इथंच दाखवतो!"

एक किंकाळी उठली! आयांनी पोरींना ओढून मागं घेतलं. एका म्हातारबानं काठी उगारली. "मुडद्या, आमच्या पोट्ट्या नेतं का तू!"

मी बाकावर थिजलो. चुकलं काय माझं? होस्टेलचंच तर बोललो!

तेवढ्यात गर्दी फाटली आणि चौकीच्या फौजदार संघमित्रा मॅडम आत आल्या. मागं हवालदार पुनाराम. मॅडम वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, पण नजर अशी, की माझे हात न सांगताच वर गेले.

"खाली उतरा. नाव?"

"गो... गोपाळकृष्ण. नर्सिंग स्कूल. मी... मी इंग्रजी शिकवतो."

"शीला कोन हाय?"

"आमच्या... आमच्या लॅबची आहे, मॅडम."

"कुठं हाय आता?"

काय सांगू तुम्हाला! खोटं बोलायची सवय नाही ना. "थोडी डिक्कीत आहे, बाकी गोणीत," मी म्हणालो.

बायका रडायला लागल्या. कोणाची असंल बिचारी, लेकरंबाळं असतीन का, अशी सुरुवात झाली. पुनारामनं माझ्याकडून किल्ली घेतली, डिक्की उघडली, आत वाकला. शीला टक्क डोळ्यांनी, तोंड उघडं टाकून त्याच्याकडे पाहत होती. पुनाराम "आई!" म्हणाला आणि धाडकन आडवा झाला.

अरे बापरे! खराखुरा पेशंट! आणि नर्सिंगवाला म्हणून सगळे पाहताहेत माझ्याकडे! मला इंग्रजीतले सगळे काळ आठवले, बेशुद्धावर उपाय एकही नाही.

संघमित्रा मॅडमनी एक सेकंद घालवला नाही. "मांगं व्हा, हवा येऊ द्या! पाय वर धरा त्याचे! बटनं सोडा!" पुनारामनं डोळे उघडले. मग त्यांनी शांतपणे डिक्कीत हात घातला, शीलाचं डोकं केसांना धरून बाहेर काढलं आणि बोटानं टकटक वाजवलं.

"रबर हाय," त्या म्हणाल्या. "रडनं बंद करा."

सगळं गाव खो खो हसलं. पुनाराम सोडून. मैनाबाईनं मला कोपरापासून हात जोडले, "म्या तं तुमाले फाशीच देल्ली होती, सायेब!" मी तिथंच शीलाला जोडलं आणि असं भाषण ठोकलं, असं भाषण ठोकलं! सेवा, सन्मान, देशोदेशी नोकऱ्या! शेवटी घसा फाडून विचारलं, "तर मग, कोण कोण तयार?"

अकरा पोरी पुढं आल्या. अकरा! माझे डोळे भरून आले. नोकरी वाचली! पण त्या पोरी माझ्या अंगावरून तशाच पुढं गेल्या आणि संघमित्रा मॅडमभोवती उभ्या राहिल्या.

"मॅडम, तुमच्यासारखं व्हाले काय करा लागते?" त्यातली एक, मयुरी नावाची, म्हणाली.

"फौजदार व्हाले पयले डिग्री पायजे. कोनतीबी चालते."

मी झेप घेतली. "नर्सिंग! नर्सिंग डिग्रीच आहे!"

"किती सालाची, सर?"

"चारच! चारच वर्षं!"

मयुरीनं पुन्हा मॅडमकडं पाहिलं. "अन् तुमी काय केलं, मॅडम?"

"बी.ए. सरकारी कॉलेजात. तीन साल."

बस्स! अकराच्या अकरा पोरी बी.ए.चा फॉर्म भरायला कॉम्प्युटरच्या दुकानाकडं पळाल्या. मी आणि शीला, दोघंही तोंड उघडं टाकून पाहत राहिलो.

तेवढ्यात देवश्री मॅडमचा फोन. "गोपाळकृष्ण, काय झालं? किती?"

"मॅडम," मी ओरडलो, "अकरा मुली आज पदवीला लावल्या!"

"शाब्बास! बॅच वाचवलीत तुम्ही!" म्हणाल्या आणि खुशीत फोन ठेवला. कोणत्या पदवीला, कोणाच्या कॉलेजात, ते काही त्यांनी विचारलं नाही. सोमवारी विचारतील. उमानं तर आनंदात श्रीखंड केलंय. तेवढं खाऊन होईपर्यंत तुम्हीही कुठं बोलू नका!